तक्रारही प्रार्थनाच



दुःखात देवाची स्तुती कशी करायची?
बायबलमधली कितीतरी स्तोत्रं देवाला सरळ जाब विचारतात.
ख्रिस्ती उपासनेत तक्रारही प्रार्थनाच असते.

पंडिता रमाबाईंनी असं दुःख जवळून पाहिलं.
त्यांचे आई-वडील दुष्काळात गेले.
मागोमाग बहीणही गेली.
पुढे त्या ख्रिस्ती झाल्या.
१८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला.
रमाबाई मध्य प्रांतात गेल्या.
तिथल्या उपाशी मुलींना त्यांनी आपल्याकडे आणलं.
त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती,
आणि पोटभर जेवणही.
मला तर हे जेवणही उपासनाच वाटतं.

१९२१ मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली.
तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी सोडलं नाही.

होय, तक्रारही प्रार्थनाच.
मन जड असेल, तर तीच करा.