काशीला गाडीने येताय? वाट दाखवणारं यंत्र आधी नीट निवडा

मी वाराणसीहून बोलतेय. माझं घर ब्रह्माघाटाजवळ. इथून पंचगंगा घाटापर्यंतच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यामुळे महाराष्ट्रातून गाडीने येणारे नातेवाईक, ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे मलाच फोन करतात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘ताई, आम्ही नक्की कुठे आहोत?’

गेल्या मे महिन्यात असाच फोन मामाचा आला. आजी नागपूरला गेली होती. दहाव्या दिवसापर्यंत काशीत अस्थिविसर्जन व्हावं, एवढीच मामाची इच्छा. जबलपूरला मुक्काम करून ते सकाळी निघाले, चार वाजेपर्यंत पोचायचे होते. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेलं जीपीएसचं यंत्र काचेवर लावलेलं होतं, पण त्यात नकाशे होते अमेरिकेचे! मग फोन लावला. उन्हात तो तापून बंद पडला. पुन्हा सुरू झाला तेव्हा रेंज नव्हती आणि नकाशा कोरा. मनगवाँला मिर्झापूरचं वळण चुकलं, ते चाकघाटला पोचल्यावर कळलं. तिथून प्रयागराजमार्गे यायचं सोडून घाबरून मागे फिरले. काशीत आले तेव्हा अंधार पडला होता. गुरुजी वाट पाहून गेले होते. विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मामा आजही म्हणतो, ‘आईचा एक दिवस चुकला.’

त्याच्याकडे दोन यंत्रं होती, पण ऐनवेळी एकही उपयोगी पडलं नाही. म्हणून सांगते, यंत्र निवडताना आधी किंमत पाहू नका. एकच प्रश्न विचारा : रेंज गेली की हे काय करेल?

यामागचं तंत्र सोपं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपण कुठे आहोत आणि आत्ता किती वाजलेत, एवढंच ते सतत सांगत असतात. तो संदेश यायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढतं. जागा नक्की करायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. या सगळ्यात इंटरनेट कुठेच नाही! रेंज नसतानाही फोनला आपली जागा कळते. नसतो तो नकाशा, कारण तो आपण आधी उतरवून घेतलेला नसतो.

त्यामुळे वर्षातून एकदोनदाच लांब जाणार असाल, तर फोन पुरेसा आहे. निघण्याआधी घरच्या वायफायवर पूर्ण वाटेचा नकाशा उतरवा. नुसता वाराणसीचा नको, जबलपूर, रीवा, मिर्झापूर सगळा. मग मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून रस्ता शोधून बघा. सापडला, तर तयारी झाली.

वारंवार प्रवास करत असाल आणि फोन बोलण्यासाठी मोकळा हवा असेल, तर वेगळं यंत्र घ्या. घेताना चार गोष्टी पाहा. पहिली, भारताचा नकाशा आत आहे का आणि तो अद्ययावत करायला दरवर्षी पैसे पडतात का? परदेशातून कुणी आणत असेल, तर हे आधीच विचारा. दुसरी, जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ आणि आपलं नाविक यांचे संदेश घेतं का? जितके जास्त उपग्रह, तितकी जागा लवकर सापडते. तिसरी, भर उन्हात पडदा वाचता येतो का आणि गाडीच्या सॉकेटवर चालतं का? बंद गाडीत काचेवर काहीच ठेवू नका. उन्हाने बॅटरी खराब होते. चौथी, आवाज. चालवणाऱ्याने पडद्याकडे नाही, रस्त्याकडे बघायचंय.

एक सावधगिरीही सांगते. नुसतं उपग्रहाचं ऐकणारं यंत्र वेगळं आणि उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी आणि सॅटेलाइट फोनसाठी भारतात दूरसंचार विभागाची परवानगी लागते. परदेशातल्या मुलांनी ते सहज बॅगेत टाकून आणू नये, विमानतळावरच अडकतील.

आणि आता आमची काशी. इथल्या गल्लीत दोन्ही बाजूंना उंच घरं, वर आभाळाची नुसती पट्टी. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो, म्हणून तुम्ही एका गल्लीत असता आणि ठिपका शेजारच्या गल्लीत. चारचाकी तर घाटापर्यंत येतच नाही. मैदागिन ते गोदौलिया भागात वाहनांवर बंधनं असतात, ती त्या दिवशीची विचारून घ्या. यंत्रात घाटाचं नाव घालूच नका. बेनियाबागेच्या पार्किंगचं घाला. तिथून पुढे रिक्षा, मग पायी. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलंत, तर तो बरोबर वळण दाखवेल.

मामा पुढच्या महिन्यात आजीच्या वर्षश्राद्धाला येतोय. परवा फोन आला. म्हणाला, ‘नकाशा उतरवलाय, रेंज बंद करून तपासलाय. बेनियाबागेत गाडी लावतो. पुढे तू घ्यायला ये.’

मी जाणार आहे. तुम्हीही निघण्याआधी एकदा तपासा.