न खपलेल्या गाण्याची किंमत

एका सात इंची तबकडीसाठी एक लाख पौंड! २०२० मध्ये फ्रँक विल्सनच्या ‘डू आय लव्ह यू’ या सोल गाण्याच्या मूळ प्रतीला एवढी किंमत आली. २००९ मध्ये याच गाण्याची प्रत सुमारे पंचवीस हजार पौंडांना गेली होती.

हे गाणं १९६५ चं, अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीचं. नमुन्याच्या काही प्रती निघाल्या, पण तबकडी बाजारात आलीच नाही. विल्सन पुढे निर्माता म्हणूनच नावारूपाला आला. बहुतेक प्रती नष्ट झाल्या. वाचल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

भाव चढला तो मात्र इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कामगार शहरांत. १९७३ ते १९८१ या काळात विगन कॅसिनो या नृत्य-क्लबमध्ये तरुण रात्रभर नाचत, तेही अमेरिकेत पडलेल्या गाण्यांवर. इतरांकडे नसलेली तबकडी वाजवणारा डीजे तिथे मोठा ठरे. म्हणून काही डीजे तबकडीवरचं नाव झाकून दुसऱ्याच गायकाचं नाव सांगत. आपल्याकडचे खवय्ये चांगल्या खानावळीचा पत्ता लपवतात, तशातलाच प्रकार!

आता मूळ प्रती वाढणार नाहीत, आणि गिऱ्हाईक जगभरचं. गंमत म्हणजे याच गाण्याची नवी आवृत्ती १९७९ मध्येच ब्रिटनमध्ये निघाली. मोबाइलवर तर ते केव्हाही ऐकता येतं. पण सोलच्या शौकिनांच्या कट्टर मैफलीत मूळ तबकडीच वाजली पाहिजे, नक्कल आणणाऱ्याकडे पाहून भुवया उंचावतात.