पाणचक्की आणि मुलांचे प्रश्न
(वर्धापनदिनीचे भाषण)



आपल्या पाणचक्कीसाठी दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवरून पाडले. “पाणी वर कसे चढले?” असे मूल विचारील, तेव्हा त्यास गप्प बसवू नये. हातभर पारदर्शक नळी वाकवून तीत हळदीचे पाणी भरावे व टोके वर-खाली करावीत. दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीस येते. डोंगरातला झरा भिंतीहून उंच, हे मग मूलच सांगेल. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले, तेव्हा परिसरातल्या वस्तूंचीच साधने केली. महाग खेळणी नकोत. आईची दहा मिनिटे मात्र हवीत. घरात दडपलेला प्रश्न शाळेत सहसा पुन्हा उगवत नाही.