दोन बादल्यांचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, प्रसादाला अजून अवकाश आहे आणि ह्या दोन्हींच्या मधे मला उभं केलं आहे. तेव्हा फार वेळ घेता येणार नाही, हे मला समजतं. विषय दिला आहे 'पर्यावरण आणि आपलं रोजचं जगणं'. ह्या विषयावर ध्रुवावरच्या बर्फापासून ओझोनच्या थरापर्यंत बरंच बोलता येतं. आपण माना डोलावतो, घरी जातो आणि नळ सोडतो. म्हणून मी आज त्या नळापासूनच सुरुवात करणार आहे.

आज सकाळी आपण अंघोळ केली, ते पाणी कुठून आलं? आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी हा प्रश्न विचारला, तर एकमुखानं उत्तर आलं, "टाकीतून!" आणि टाकीत कुठून आलं? "टँकरमधून!" मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं.

बंगळूर ज्या पठारावर वसलं आहे त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ९०० मीटर. शहराला स्वतःची मोठी नदी नाही. पूर्वी अर्कावतीवरच्या हेसरघट्टाचं आणि १९३३ सालापासून तिप्पगोंडनहळ्ळीचं पाणी पुरायचं. शहर वाढलं, ते पुरेना. मग १९७४ साली कावेरी योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. तोरेकाडनहळ्ळीला शुद्ध केलेलं पाणी साधारण १०० किलोमीटर वरून इथे येतं, आणि ते उताराने येत नाही, चढावर येतं. वाटेत तीन ठिकाणी पंप लावून ते ढकलावं लागतं. चढ आणि नळातलं घर्षण दोन्ही मिळून पंपांना सुमारे ५०० मीटर उंचीइतका जोर लावावा लागतो.

आपल्यात इंजिनियर मंडळी बरीच आहेत, त्यांनी कागदावर करून पाहावं. १००० लिटर पाणी ५०० मीटर वर चढवायला सुमारे १.४ युनिट वीज लागते. पंपाची गळती-घट धरली तर दोन युनिटच्या आसपास. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे चौघांच्या घराला ५४० लिटर, आणि ते फक्त आपल्या दारापर्यंत आणायला रोज एक युनिटच्या आसपास वीज. तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एक दिवा शंभर तासांहून अधिक जळेल. आपण नळ उघडा ठेवून दाढी करतो तेव्हा नुसतं पाणी वाहत नसतं, तिकडे पंपही चालू असतो.

२०२४ सालचा मार्च महिना आपण कोणीच विसरलेलो नाही. बोअरवेल आटल्या. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर ५००० रुपये दंड लागला. टँकरचे दर इतके चढले की सरकारला ते ठरवून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत ६००० लिटरच्या टँकरला ६०० रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, रोज ७७.५ कोटी लिटरची भर पडेल असा. आनंदाची गोष्ट आहे. पण एक लक्षात ठेवू या, टप्पे वाढले, नदी काही वाढली नाही.

आता कोणी म्हणेल, "अहो, एवढ्या मोठ्या शहरात माझ्या दोन बादल्यांनी काय होणार?" हा प्रश्न चांगला आहे, त्याला टाळून चालणार नाही. दोनशे फ्लॅटची एक सोसायटी घ्या. प्रत्येक घरानं रोज दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर पाणी वाचवलं, तर झाले ६००० लिटर. म्हणजे रोजचा एक टँकर! तो आला नाही तर पैसे वाचले, डिझेल वाचलं आणि जिथून तो भरला जातो त्या गावाच्या विहिरीतलं पाणीही वाचलं. दोन बादल्यांची किंमत एवढी आहे.

ह्या दोन बादल्या आणायच्या कुठून? शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं की सहज ५० लिटर जातात. बादली-तांब्यानं अंघोळ केली तर १५ ते २० लिटरमध्ये भागतं. एवढ्या एका बदलात, एका माणसामागे दोन बादल्या निघाल्या! नळाच्या तोंडाला बसवायची जाळी, तिला एरेटर म्हणतात, किरकोळ किमतीत मिळते आणि धार निम्म्याहून कमी पाण्यात भागवते. कपड्याचं मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही. आणि तो आर.ओ.! एक लिटर पिण्याचं पाणी देताना तो साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडून देतो. ज्यांच्याकडे फक्त कावेरीचं पाणी येतं त्यांनी आधी पाण्यातले क्षार मोजून घ्यावेत. कावेरीच्या पाण्यात क्षार कमी असतात, तिथे आर.ओ.ची गरज सहसा नसते. उकळून किंवा यू.व्ही. यंत्रानं भागतं. बोअरवेलचं क्षाराचं पाणी असेल तर आर.ओ. जरूर ठेवा, पण त्याची सोडलेली नळी बादलीत घ्या आणि त्या पाण्यानं फरशी पुसा.

आणि पाऊस? बंगळुरात वर्षाला सरासरी ९७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला जवळजवळ ९७,००० लिटर पडतात. त्यातलं ८० टक्के जरी साठवलं किंवा जमिनीत मुरवलं, तरी चौघांच्या घराची साडेचार महिन्यांची सोय झाली. ज्यांचं स्वतंत्र घर आहे त्यांनी पागोळ्यांचं पाणी रस्त्यावर सोडू नये. आपल्या कोकणातली माणसं पावसाला कधी परकं मानत नाहीत, आपण इथे येऊन का मानावं?

हे झालं पाणी कुठून येतं ह्याबद्दल. ते जातं कुठे? आपल्यापैकी बरेच जण सर्जापूर रोड, आउटर रिंग रोड भागात राहतात. त्यांनी बेळ्ळंदूर तलावाचा फेस रस्त्यावर उडताना पाहिला आहे. तलावाला आग लागलेली २०१७ आणि २०१८ सालीही पाहिली आहे. पाण्याला आग! ती आकाशातून पडली नव्हती. न शुद्ध केलेलं सांडपाणी वर्षानुवर्षं तिथे गेलं आणि त्यात आपल्या घरातल्या साबणाच्या पावडरीचाही वाटा होता. म्हणून पावडर मोजून घाला, अंदाजानं नको. आणि सोसायटीच्या सभेत पार्किंगइतक्याच जोरात एक प्रश्न विचारा, आपलं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र रोज चालतं का?

आता कचरा. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी घरात काचेचा पेला फुटला. घाईत तुकडे भाजीच्या देठांबरोबर पिशवीत भरले, गाठ मारली आणि दाराबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी कचरा नेणारी बाई आली तेव्हा तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. ती काही बोलली नाही. आमच्या मजल्यावरच्या चारही दारांकडे तिनं एकदा पाहिलं आणि पिशव्या उचलल्या. ती पिशवी माझी होती हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळली जाते आणि वर लाल पेननं लिहिलं जातं.

इथे ह्या मंडळींना पौरकार्मिक म्हणतात. आपण मिसळून टाकलेलं त्यांना हातानं निवडावं लागतं. आणि जे निवडलं जात नाही ते कुठल्या तरी गावाच्या वेशीवर जातं. मावळ्ळीपुरच्या गावकऱ्यांनी २०१२ साली गाड्या अडवल्या तेव्हा शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले होते, जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यानंतर मंडूरच्या लोकांनी तेच केलं आणि २०१४ च्या अखेरीस तिथे कचरा टाकणं थांबवावं लागलं. त्यांचं काय चुकलं? आपल्या गावात कोणी दुसऱ्या शहराचा कचरा आणून टाकला असता तर आपण काय केलं असतं? डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं दोन डबे आणि एक पिशवी हा नियम घातला, तो ह्या गावकऱ्यांच्या सोसण्यातून आलेला आहे. ओला वेगळा, सुका वेगळा आणि डायपर-पट्ट्या-मलमपट्टीचा कचरा वेगळा.

घरच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक ओलाच असतो. तो ढिगाखाली हवेवाचून सडला की मिथेन वायू होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. तोच घरी हवेत कुजवला तर खत होतं. बंगळुरातच २००६ साली सुरू झालेल्या 'डेली डंप'नं एकावर एक ठेवायची मातीची मडकी घरोघर नेली. ती गॅलरीच्या कोपऱ्यात मावतात. रोजचा ओला कचरा, वर मूठभर वाळका पाला किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, अधूनमधून हलवायचं, दोन-तीन महिन्यांत खत तयार. वास आला तर समजायचं की ओल जास्त झाली, आणखी कोरडा भुसा टाकायचा. एवढंच शास्त्र आहे. आमच्या घरी पहिल्या खेपेला अळ्या झाल्या होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या खेपेला झाल्या नाहीत.

आता आपल्या बाप्पाकडे वळू. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही. मूर्तीचे तुकडे तलावाच्या तळाशी बसतात आणि रंगातले शिसे-क्रोमियमसारखे धातू पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० सालच्या सुधारित सूचनांत प्लॅस्टरच्या मूर्ती आणि थर्मोकोल दोन्हींना नकार दिला आहे. पेणहूनच मूर्ती यायला हवी असंही नाही. इथे पॉटरी टाउनचे कुंभार मातीच्या मूर्ती करतात. बिनरंगाची, हातभर उंचीची मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित होते आणि ती माती तुळशीच्या कुंडीत जाते. निर्माल्य खताच्या मडक्यात. बाप्पा घरातच राहिले असं समजा.

आणि थोड्या वेळानं आपण जेवायला बसणार आहोत. पत्रावळी केळीच्या पानाची असो की सुपारीच्या झावळीची, दोन्ही ह्याच मातीतल्या आहेत आणि मातीत जातात. पण खरा प्रश्न पानाचा नाही, पानातल्या भाताचा आहे. एक किलो तांदूळ पिकवायला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागतं. मंड्याच्या शेतांना पाणी कावेरीचंच. म्हणजे पानात टाकलेल्या भातातही कावेरीच असते. तेव्हा वाढप्यांना माझी विनंती, आग्रह शब्दांनी करा, पळीनं नको.

शेवटचा मुद्दा, तो जरा आपल्या मनाला लागेल असा आहे. फ्लॅटचे भाव वाढले की आपण बंगळूरचे मालक असतो. तलावाचा, कचऱ्याचा विषय निघाला की "आपण काय, बाहेरची माणसं" म्हणतो. हे शहर १६३८ साली आदिलशाही फौजेनं घेतलं आणि पुढे शहाजीराजांची जहागीर झालं, तेव्हापासून मराठी माणूस इथे आहे. आपल्यातले कित्येक जण गावाहून आलेल्या बसमधून पहिल्यांदा उतरले ते मॅजेस्टिकला. त्या बस स्थानकाच्या जागी पूर्वी धर्मांबुधी तलाव होता. आपल्यासारख्या येणाऱ्यांना जागा करून देताना हे शहर आपले तलाव गमावत आलं आहे. ते देणं आपल्याकडे आहे.

सरकारनं करायचं ते सरकारनं करायला हवंच, त्यासाठी भांडायलाही हवं. पण ज्याच्या घरात कचरा वेगळा होतो, त्याला भांडताना शब्द शोधावे लागत नाहीत.

म्हणून ह्या वर्षी बाप्पासमोर एवढंच ठरवू या. रोज घरामागे दोन बादल्या वाचवायच्या, ओला कचरा दारातून मिसळून बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि पुढच्या वर्षी घरी मूर्ती आणायची ती बिनरंगाच्या मातीची. पुढच्या वर्षी इथेच भेटू तेव्हा एकमेकांना विचारू. कोणाला जमलं नसेल तर लाजायचं कारण नाही, कशानं अडलं ते सांगावं, दुसऱ्यांना उपयोग होईल.

प्रसादाची वेळ झाली.

गणपती बाप्पा मोरया!