घरचे कुत्रे, घरचे मांजर आणि लसटोचणी

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये विश्रामबाग वसलेले आहे. १९१९ सालचे विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या भोवती घरे, वसतिगृहे, दुकाने वाढत गेली. अशा वसाहतीत अनेक फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आढळते. ही पाटी परक्या माणसासाठी असते. घरातील मुले मात्र त्याच कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून खेळतात, मांजराला अंथरुणात घेतात. घरच्यांनी घ्यावयाची सावधगिरी म्हणूनच निराळी असून ती पशुवैद्यकीय दवाखान्यात घ्यावयाची असते.

‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. पण केव्हा दिली, किती वेळा दिली आणि पुढची केव्हा द्यावयाची, असे विचारले की उत्तर अडखळते. लसटोचणीतील सारे मर्म या तीन प्रश्नांत आहे.

गाय व्याली की वासराला पहिला चीक पाजावा, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. कुत्रीच्या व मांजरीच्या पिल्लांनाही पहिल्या दिवसाच्या अशाच दुधातून मातेची रोगप्रतिकारक शक्ती मिळते. ही उसनी शक्ती काही आठवडे पुरते. गंमत अशी की, ती अंगात असेपर्यंत टोचलेल्या लशीलाही ती रोगच समजते आणि निष्प्रभ करून टाकते. ती नेमकी कोणत्या दिवशी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत जावे लागते. पहिली टोचणी झाली की काम संपले, असे मानून जे थांबतात, त्यांचे पिल्लू पुष्कळदा उघडेच राहते. मग ते रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत दगावते आणि दोष लशीला दिला जातो. ही हगवण बहुधा पार्व्हो विषाणूची असते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू अंगणातील मातीत महिनोन्महिने तग धरतो. डिस्टेंपर, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांवरील लशीही याच सुमारास देतात. मांजरांचे रोग वेगळे, म्हणून त्यांची लसही वेगळी. कुत्र्याची लस मांजराला चालत नाही. टोचणीपूर्वी जंताचे औषध द्यावे आणि आजारी पिल्लाला लस देण्याची घाई करू नये.

या साऱ्या रोगांत जनावर दगावते. अलर्क रोगात, म्हणजे रेबीजमध्ये, माणूसही दगावतो. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगावर खात्रीचा उपाय नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमार्फत होतो. परंतु मांजराचा चावा वा ओरखडाही दुर्लक्षिण्याजोगा नसतो. कुत्र्याला व मांजरालाही तीन महिन्यांच्या वयात या रोगाची पहिली लस, पशुवैद्य सांगतील त्या वेळी दुसरी मात्रा आणि पुढे दरवर्षी एक, असा क्रम ठेवावा. घराबाहेर न जाणाऱ्या जनावरालाही ती द्यावी, कारण फाटक कधीतरी उघडे राहतेच. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. दुकानातून आणून खिशात घालून एप्रिलच्या उन्हातून घरी नेलेली लस टोचली काय आणि न टोचली काय!

माणसाला टोचावयाच्या लशीची लोकांना अजूनही धास्ती वाटते, तिला कारण आहे. लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचविले. पुढे भारतात मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस पोटात चौदा-चौदा वेळा टोचली जाई. २००४ च्या अखेरीस ती बंद झाली. आताची लस दंडात, चार किंवा पाच वेळांत घ्यावयाची असते. तरीही आईवडील रागावतील आणि पोटात सुया टोचतील, या भीतीने मुले ओरखडा लपवितात. शिक्षकांनी वर्गात ही एकच गोष्ट वारंवार सांगितली, तरी मोठे काम होईल: जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावयाची आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावयाचे. चुना, तिखट वा हळद लावावयाची नाही. घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याने चावले तरीही जावयाचेच. जनावरावर दहा दिवस नजर ठेवावी; पण दहा दिवस वाट पाहून मग उपचार सुरू करणे, हे जीवावर बेतणारे आहे.

घरच्या कुत्र्याला टोचले आणि रस्त्यावरची तशीच राहिली, तर संरक्षण अपुरे पडते. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे मानले जाते. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून हे काम नेटाने झाले. पथके गल्लीगल्लीत हिंडली, जाळ्याने कुत्री धरून लस टोचली, टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण केली आणि त्याच वेळी शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली. २०१८ ते २०२० या काळात तेथे रेबीजने एकाही माणसाचा मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ साली ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. हे एका शिबिराने झाले नाही. दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात, म्हणून दरवर्षी पुन्हा जावे लागते. ज्या ग्रामपंचायती एका वर्षी छायाचित्रांसह शिबिर भरवितात आणि पुढच्या वर्षी विसरतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. पाश्चर यांची पुण्यतिथीही हीच. शिबिरासाठी दरसालचा हा दिवस ठरवून ठेवल्यास पंचायतीला पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलणी करता येतील.

टोचणीनंतर दवाखान्यातून एक कार्ड मिळते. त्यावर लशीचे नाव, तुकडीचा क्रमांक, दिलेली तारीख आणि पुढील तारीख लिहून व सही करून घ्यावी. पुष्कळ घरांत हे कार्ड कुत्र्याच्या साखळीबरोबर खिळ्याला टांगलेले असते आणि पावसाळ्यात भिजून जाते. ते शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावे आणि पुढील तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत शाईने नोंदवावी.