पाला जाळू नका



माघ लागला, की साग, पळस, सावर उघडे पडतात. मागून पिंपळही झडतो. कोणी म्हणते, झाड वाळले. तसे नाही. उन्हाळा तोंडावर असतो. जमिनीतली ओल आटू लागते. पानांवाटे झाडाचे पाणी उडून जाते. म्हणून झाड पानेच टाकून देते. टाकण्याआधी त्यांतला बराच कस फांदीत ओढून घेते. झाड आपल्यापेक्षा हिशेबी! उरलेला कस मातीचा.

हा मातीचा वाटा आम्ही वर्षानुवर्षे जाळला. शाळेचे आवार मुलांकडून झाडून घ्यायचे आणि ढिगाला काडी लावायची. आवार कसे लख्ख दिसे! एका फाल्गुनात वारा सुटला. ठिणगी उडाली, ती कुंपणापलीकडच्या कडब्याच्या गंजीवर. गाव घागरी घेऊन धावले. पण गंज वाचली नाही. धन्याच्या दावणीला दोन बैल, आणि पाऊस तीन महिने लांब. तो रागावला नाही. "गुरुजी, पोरांना भाजलं नाही ना?" एवढेच त्याने विचारले. आम्ही पगारातून कडबा घेऊन दिला. पण मान वर होईना.

पुढच्या वर्षी शाळेमागे तीन फूट खोल खड्डा खणला. हॉवर्ड नावाच्या साहेबाने इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात खताची एक रीत बसवली. तीच धरली. पाल्याचा थर, वर शेणकाला, वर गोठ्यातली मुताची माती आणि थोडी राख. पुन्हा पाला. पाणी बेताने शिंपायचे. चिखल झाला तर खत कुजके, घाण वासाचे होते. तीन महिन्यांत तीनदा खालीवर करायचे. सागाचे पान मोठे चिवट. ते आधी गोठ्यात गुरांच्या पायाखाली अंथरावे. तुडवले, मुताने भिजले, की लवकर कुजते.

थोडा पाला आंब्याच्या रोपांभोवतीही पसरा. ओल टिकते. मात्र बुंध्यापासून वीतभर दूर ठेवा. नाहीतर वाळवी लागेल.

पहिले खत निघाले, काळेभोर, भुसभुशीत. पहिली गाडी आम्ही त्या कडब्याच्या धन्याच्या शेतात नेऊन टाकली. त्याने मूठभर हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, औंदाचा पाला कुणाला देऊ नका."