फाटकाच्या आतलं मिशन



अध्यक्षाने दोन गोड शब्द बोलावेत आणि जेवणाची घंटा होऊ द्यावी, असा रिवाज आहे. मला बोलावताना संयोजकांनी माझ्या स्वभावाची चौकशी केली नसावी. आता उशीर झाला आहे, तेव्हा ऐकून घ्या.

या मेळाव्याचा विषय काय, तर ‘शहरातील वस्तीत ख्रिस्ती मिशन’. आणि जमलो कुठे, तर वेल्ह्याच्याही पुढे, केळदच्या वाटेवर, पासलीत. शहरात काय करावं हे ठरवायला आपण शहर सोडून डोंगरात आलो. इथे हवा चांगली आहे, तोरणा जवळ आहे, मुलांना मढे घाट बघायचा आहे, हे सगळं मला कळतं. पण कालपासून या मंडपात जी भाषणं झाली, त्यांत शहर कुठेच नव्हतं. जमिनी होत्या. ट्रस्ट होते. कुठल्या कंपाऊंडचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, कोर्टाची पुढची तारीख कधी आहे आणि पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत कुणी कुणाला पाडलं, हे होतं. मिशन म्हटलं की आपल्याला मिळकत आठवते. हा रोग जुना आहे आणि त्याचं नाव घ्यायला आपण लाजतो.

काल संध्याकाळी ज्या आजींच्या अंगणात आपली बस लावली, त्यांच्याजवळ मी थोडा वेळ बसलो होतो. त्यांचा थोरला धायरीत टेम्पो चालवतो. धाकटा कात्रजला चार-पाच पोरांत मिळून एका रूमवर राहतो आणि रात्रपाळीला सिक्युरिटीत उभा असतो. भातलावणीला आणि गणपतीला घरी येतो, एरवी फोन. आजींनी मला सरळ विचारलं, “तुम्ही कात्रजचेच ना? मग आमच्या पोराला बघितलं असेल की.” आपल्या बसमध्ये कात्रजची चार कुटुंबं आहेत. मी रात्री त्यांना विचारलं. शेजारच्या इमारतीच्या फाटकावर रात्री कोण उभं असतं, त्याचं नाव एकालाही सांगता आलं नाही. तरीही आपण ‘अंतःकरणातील ओझे’ या विषयावर दोन तास प्रार्थना केली. या खोऱ्यातली बरीच तरुण पोरं आज पुण्याच्या कडेला खोल्या घेऊन राहतात. आपलं मिशनक्षेत्र शोधायला पासलीला यायची गरज नव्हती. पासलीच आपल्या गल्लीत येऊन राहिली आहे.

कुणी म्हणेल, वस्तीत जाऊन राहायचं, शेजाऱ्यांसाठी दार उघडायचं, हे सगळं पुस्तकी आहे. पुस्तकी नाही. मुंबईत झालेलं आहे, तेही मराठी मिशनच्या हातून. 1813 साली मुंबईत पाय ठेवलेल्या अमेरिकन मराठी मिशनने शंभर वर्षं शाळा काढल्या, चर्च बांधली, पुस्तकं छापली. 1925 साली क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचा तरुण पाद्री आला आणि त्याने नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभं केलं. नागपाडा म्हणजे काय, ते जुन्या मुंबईकरांना विचारा. एका बाजूला कामाठीपुरा, एका बाजूला भायखळा. मुसलमान, ज्यू, हिंदू, गिरणीतले, गोदीतले, सगळे एकमेकांना खेटून. त्या गर्दीत वाचनालय, रात्रीचे वर्ग, आरोग्याची सोय, खेळायला मैदान आणि संध्याकाळी व्याख्यान. लंडनचा टॉयन्बी हॉल 1884 चा, शिकागोचं हल हाऊस 1889 चं. कल्पना तिकडची होती, हे मान्य. पण मॅन्शार्टने ती नागपाड्यात आणताना एक गोष्ट पक्की ठरवली. आत येणाऱ्याला धर्म विचारायचा नाही, आणि त्याने धर्म बदलावा म्हणून हे घर चालवायचं नाही. स्वतः तो पाद्री होता आणि ते लपवतही नव्हता.

आपल्याच लोकांपैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला इथून दिसताहेत. “मग त्यात ख्रिस्ती काय राहिलं?” हा तुमचा प्रश्न. उत्तर देतो, पण आधी पुढचं ऐका. त्याच घरातल्या कामातून 1936 साली समाजकार्याचं पद्धतशीर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली. नाव होतं सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, पहिले संचालक हेच मॅन्शार्ट, आणि वर्ग भरायचे नागपाड्यातच. पुढे तिचीच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली आणि ती देवनारला गेली. आज तिथून शिकून बाहेर पडणाऱ्याला तुम्ही विचारलंत की तुमच्या संस्थेचा पाळणा कुठे हलला, तर दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. त्यांना कशाला दोष देऊ? या मंडपात किती जणांना ठाऊक होतं? आपल्याला आपल्या कंपाऊंडच्या भिंतीची लांबी फुटांत पाठ आहे.

आता तुमचा प्रश्न. त्यात ख्रिस्ती काय? यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर अर्धमेला पडलेल्या माणसाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत पाठ केली. त्याला उचलणाऱ्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, जनावरावर घातलं, उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले, राहिलेले परतताना देतो म्हणाला आणि वाटेला लागला. बरा झाल्यावर तू कुठल्या डोंगरावर उपासना करशील, असं त्याने विचारलं नाही. प्रभूने ही गोष्ट सांगितली ती धर्मशास्त्राचा पंडित अडचणीत आणणारा प्रश्न घेऊन आला तेव्हा. पंडित गप्प झाला. आपण दोन हजार वर्षं त्यावर प्रवचनं करतो आहोत.

दुसऱ्या टोकाला आपल्यातलेच भित्रे आहेत. ते म्हणतात, दिवस वाईट आहेत, कुणाला पाणी दिलं तरी धर्मांतराचा आळ येतो, तेव्हा गप्प बसावं, रविवारची उपासना करावी, नाताळात केक वाटावा. आळ येतो, हे खरं आहे. पण तो आज नव्याने येत नाही. पुण्यातच बघा. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या बड्या मंडळींना बोलावलं आणि चहा-बिस्किटं पुढे ठेवली. रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशांनी, म्हणजे आनंदीबाईंच्या यजमानांनी, ही नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहरात बहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाने एवढं केलं! आज त्याच शहरात आपल्यापैकी किती जणांच्या घरी शेजारचा माणूस चहाला येतो? आळाची भीती सांगू नका. आपल्याला आळ यावा इतकंही आपण केलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण दर वर्षी घेतो. त्यांचं शारदा सदन 1889 साली मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. बाई स्वतः प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार लावायच्या नाहीत. ज्या मुलीला यायचं ती येऊन बसे. 1893 साली यावरून वादळ उठलं, ‘केसरी’ने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपले लोक हे सांगताना रमाबाईंवर अन्याय झाला एवढं सांगून थांबतात. मी थांबणार नाही. सल्लागारांची तक्रार अगदी निराधार होती असं मला वाटत नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या विश्वासावर ते आले होते. पण दार लावून घेऊन विश्वास लपवायला बाई तयार नव्हत्या, आणि तेही बरोबर होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतून एकच व्यवहार शिकायचा आहे: आपण कोण आहोत ते पहिल्या दिवशी सांगावं, आणि मदतीला कुठलीही अट बांधू नये. मदत घेणाऱ्याच्या पोटात भूक असताना त्याच्या हातात पत्रक देणाऱ्या माणसाला मी सुवार्तिक म्हणत नाही. सावकार म्हणतो.

हे वाक्य काहींना झोंबलं असेल. झोंबू द्या. बाहेरचे आपल्यावर आमिषाचा आरोप करतात तेव्हा आपण संविधानाचं कलम 25 काढून दाखवतो. काढावंच, तो आपला हक्क आहे. पण प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच सांगून ठेवलं आहे; स्टॅनिस्लॉस खटला आपल्या किती पाळकांनी वाचला आहे? आणि आरोप करणाऱ्यांनाही इथूनच सांगतो. हिंदू शेजाऱ्याच्या आजारपणात ख्रिस्ती बाई डबा घेऊन गेली, तर ती बाप्तिस्म्याचा सौदा करायला गेली असं धरून चालणं, हा त्या बाईचा तर अपमान आहेच, पण तो डबा घेणाऱ्या शेजाऱ्याचाही आहे. एका डब्यात श्रद्धा बदलेल इतका तो पोकळ आहे, असं तुम्हीच त्याच्याबद्दल म्हणता.

आणखी एक दुखणं सांगतो, आतलं. नगर, जालना, औरंगाबाद भागातून आलेल्या आपल्या वाडवडिलांपैकी बहुतेक महार-मांग वस्तीतून आले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्मामुळे त्यांच्या सवलती गेल्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्या आदेशात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यासाठी आपण दर वर्षी मोर्चे काढतो, आणि काढायलाच हवेत. पण मोर्च्याहून परतल्यावर सोयरीक जुळवताना कुणाचे आजोबा कुठल्या वाड्यातले, हे विचारणारेही आपणच. भिंतीच्या आत इतकी जातपात सांभाळणाऱ्यांनी वस्तीत जाऊन समतेवर बोलू नये. उलट, सावित्रीबाई फुल्यांनी 1897 च्या प्लेगात आजारी पोर पाठीवर घेऊन हडपसरजवळ मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोचवलं आणि त्याच प्लेगाने त्या गेल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. प्रभू ज्याला शेजारी म्हणतो त्यात त्या बसतात की नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आपण काय केलं? अभंग घेतले, पेटीवर गायले आणि त्यांचा शेवटचा निर्णय विसरून गेलो. 1917 साली त्यांनी मिशनच्या नोकरीवर पाणी सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले, दरबार फार चालला नाही. मिशनचा पगार सोडून मिशन करता येतं, हे मात्र त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे अजून कुणी नवीन काही सुचवलं की पहिला प्रश्न येतो, ‘बजेट कुठून?’

बजेट लागत नाही. पुण्यात आपल्या मंडळ्यांचे हॉल आहेत. बाक आहेत, पंखे आहेत, दिवे आहेत, नळाला पाणी आहे. रविवारी दोन-तीन तास आणि एखादं लग्न सोडलं तर ते कुलपात असतात. एका रूममध्ये पाच-सहा जण राहणाऱ्या पोरांना स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला जागा नाही. ती रस्त्याच्या दिव्याखाली आणि बसस्टॉपवर पुस्तक उघडतात. त्यांतली कितीतरी याच वेल्हे-भोरच्या पट्ट्यातली आहेत.

म्हणून मी अध्यक्ष या नात्याने ठराव मांडतो. येत्या पहिल्या सोमवारपासून इथे हजर असलेली प्रत्येक मंडळी आपला हॉल रोज संध्याकाळी सात ते अकरा अभ्यासिकेसाठी उघडेल. धर्म, जात, गाव विचारलं जाणार नाही. भिंतीवरचा क्रूस उतरवला जाणार नाही आणि टेबलावर पत्रकं ठेवली जाणार नाहीत. किल्ली कमिटीच्या चिटणीसाकडे न राहता त्या गल्लीत राहणाऱ्या मंडळीच्या सभासदाकडे राहील. वीजबिल दशांशातून जाईल. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी जेवणाच्या रांगेत कुजबुजू नये. आत्ता, या माइकवर येऊन कारण सांगावं. मी इथेच उभा आहे.